क्लोज-अपमधली गर्दी: काडी तोडण्याआधी काय काय करून पाहावं

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरजवळच्या हिपरगा तलावाच्या काठी रुईच्या झुडपावर प्लेन टायगर फुलपाखराची अळी दिसली. १०० एमएमची मॅक्रो लेन्स लावून, लेन्सचं छिद्र एफ १६, म्हणजे बरंच बारीक ठेवून, उभ्यानंच वाकून फोटो काढला. अळी नीट टिपली गेली, पण तिच्या मागे वाळक्या काड्यांचं जाळं आलं आणि कोपऱ्यात गुटख्याची पुडी चमकतेय. एक मित्र म्हणतो, आजूबाजूचं गवत आधी उपटून टाकायचं. दुसरा म्हणतो, घरी येऊन कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं. कोणाचं ऐकावं?

आधी दोघांचंही ऐकू नका. फ्रेममधली बरीचशी गर्दी कशालाही हात न लावता जाते, फक्त आपण हलायला हवं. जी उरते तिला हात लावायचा की नाही, हे ती काडी कोणाच्या कामाची आहे ते पाहिल्यावरच ठरवावं.

तुमच्या फोटोत नक्की काय खटकतंय ते बघू. या अळीच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असतात आणि पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. पट्टे लांबूनही ओळखू येतात, तिची खरी नजाकत तंतूंमध्ये आहे. तुमच्या फोटोत मागच्या काड्या जवळजवळ त्याच जाडीच्या दिसतात. त्यामुळे तंतू कुठला आणि काडी कुठली हे शोधावं लागतं. मागे नुसता पसरट हिरवा रंग असता तर सहाही तंतू सुटे दिसले असते. म्हणजे इथे त्रास गवताचा नाही, विषयातल्या रेषेशी झोंबणाऱ्या रेषेचा आहे. अळीऐवजी तिथे जाडजूड भुंगेरा असता तर त्याच काड्यांनी एवढं बिघडलं नसतं.

दुसरं, उजेड. पाहणाऱ्याची नजर आधी फ्रेममधल्या सर्वांत उजळ जागी जाते. कोकणात गर्दी हिरव्यात हिरवी असते. आपल्याकडे दिवाळीनंतर कुसळी, पवन्या सगळं गवत पिवळटपांढरं पडतं आणि उन्हात विषयापेक्षा जास्त चकाकतं. म्हणून सोलापूरकडच्या क्लोज-अपमध्ये गर्दी शोधताना आधी उजळ डाग शोधा. कॅमेऱ्याचा पडदा डोळे बारीक करून बघा. अळी विरघळते आणि काडी उरते, तर ती काडी नडतेय. कॅमेऱ्यात कृष्णधवल दाखवायची सोय असेल तर ती लावून बघा, रंगाची भूल पडत नाही.

आता हलण्याबद्दल. सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त मिळतं आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. समजा लेन्सपासून अळी ३० सेंमीवर आहे आणि मागचं गवत अळीपासून दीड मीटरवर. अळी फ्रेममध्ये मधोमध ठेवून कॅमेरा ५ सेंमी डावीकडे सरकवला, तर तिच्या मागची जागा २५ सेंमी उजवीकडे सरकते, म्हणजे पाचपट. अळी जवळपास तशीच दिसते, पार्श्वभूमी मात्र पार बदललेली असते. दूरचा डोंगर किंवा झाड टिपताना असं होत नाही. तिथे मागचा देखावा बदलायला चालत जावं लागतं, क्लोज-अपमध्ये मनगट हलवलं तरी पुरतं. हा फायदा फक्त आपल्यालाच आहे, तो सोडू नये.

करायचं असं: कॅमेरा बाजूला ठेवा. एक डोळा मिटा आणि दुसऱ्यानं अळीकडे बघत डोकं हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. मागे काय येतंय, काय जातंय ते बघत राहा. रुईचं पान रुंद, फिकट हिरवं आणि पांढरट लव असलेलं असतं. असं एखादं मागचं पान अळीच्या बरोबर मागे येईल अशी जागा बहुतेक वेळा सापडते. झुडपाचंच पान पार्श्वभूमीला आलं की रंगही जुळतो आणि चित्र खोटं वाटत नाही. जागा सापडली की डोळा होता तिथेच लेन्स आणा.

उंचीचंही तसंच. उभ्यानं वाकून फोटो काढला की पार्श्वभूमी म्हणून जमीन येते. ती विषयाच्या अगदी जवळ असल्यानं तिच्यावरचा प्रत्येक खडा, प्रत्येक काडी अर्धवट ओळखू येते. अळीच्या पातळीला उतरलात तर मागचं शेत पाच-पन्नास मीटरवर जातं आणि त्याचा एक मऊ रंग होतो. आपला मुलूख सपाट आहे याचा इथे फायदाच. गुडघे टेका, गरज पडली तर आडवे व्हा. अंगाखाली चादर नको, कुसळं त्यात अशी रुततात की धुऊनही निघत नाहीत. खताच्या रिकाम्या पोत्यांचं शिवलेलं तळवट चांगलं, त्याला कुसळ धरत नाही. आणि आडवं होण्याआधी काठीनं गवत आपटून घ्या. माळावर आणि बांधाच्या दगडांत फुरसं असतं, घोणसही असते. हे घाबरवायला लिहीत नाही, पण नजर कॅमेऱ्यात अडकली की हाताशी काय आहे ते माणसाला दिसत नाही. तेव्हा ही सवय लावूनच घ्या.

याच्याही आधीची एक पायरी आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची: कोणती अळी टिपायची ते निवडणं. रुईच्या एका झुडपावर बऱ्याचदा अनेक अळ्या असतात. पहिली दिसली तिच्यावरच आपण बसकण मारतो. एक फेरी मारा. झुडपाच्या कडेला, बाहेर आलेल्या पानावर, मागे मोकळी जागा असलेली एखादी अळी सापडते का बघा. हे चतुरांना आणि टाचण्यांनाही (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) लागू. कंबर तलावाच्या काठी पाणकणसाच्या दाटीत बसलेल्या चतुराच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चतुर उडून पुन्हा पुन्हा त्याच आवडत्या टोकावर येऊन बसतो. अशी टोकं हेरा, त्यातलं पाण्याकडे झुकलेलं, मागे नुसतं पाणी असलेलं निवडा आणि तिथे फोकस लावून थांबा.

आता एफ १६. तुम्ही तो का ठेवला ते कळतं, अळी पूर्ण स्पष्ट यावी म्हणून. एकास-एक आकारात (सेन्सरवर अळीची प्रतिमा तिच्या खऱ्या मापाएवढी पडते तेव्हा), फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, एफ ८ ला जेमतेम १ मिमी जाडीचा थर स्पष्ट येतो, एफ १६ ला सुमारे २ मिमी. अळीला मिळालेला जास्तीचा मिलीमीटर हा एवढासा, पण त्या बदल्यात मागच्या काड्यांना आकार मिळतो. विरघळलेल्या काडीकडे कोणी बघत नाही, अर्धवट ओळखू येणाऱ्या काडीकडे मात्र हमखास बघतात. शिवाय एकास-एकला एफ १६ म्हणजे प्रत्यक्षात एफ ३२ इतकं बारीक छिद्र होतं आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, अळीचीही धार बोथट होते.

यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याची पाठ विषयाला समांतर धरणं. अळी पानाच्या कडेवर लांबट पसरलेली असेल तर तिच्या बरोबर बाजूला या, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी एकाच अंतरावर येते. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचंही असंच. समांतर जमलं की एफ ५.६ ते एफ ८ पुरतो आणि मागचं आपोआप विरघळतं. पहाटे, वारा पडलेला असताना आणि विषय निश्चल असताना फोकस स्टॅकिंग करता येतं: छिद्र उघडं ठेवून फोकस पुढेमागे सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि नंतर एकत्र करायचे. पण आषाढातल्या आपल्या वाऱ्यात त्याचा नाद करू नका.

डीएसएलआर वापरणाऱ्यांची एक फसगत इथेच होते. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारं चित्र लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असतानाचं असतं. मागे सगळं लोण्यासारखं मऊ दिसतं, बटण दाबलं की छिद्र एफ १६ ला मिटतं आणि काड्या उगवतात. कॅमेऱ्यात डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण असेल तर ते दाबून खरं चित्र आधी बघा. दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या पातळीच्या अनेक डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. उरलेल्या कडेतून पुडी, पानाचा तुकडा, स्वतःच्या बुटाचं टोक आत शिरतं. लाइव्ह व्ह्यूवर पूर्ण फ्रेम दिसते. क्लिक करण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा.

लेन्सबद्दल थोडकंच. विषय तेवढाच मोठा ठेवला तर लांब पल्ल्याच्या लेन्सला मागची जागा कमी दिसते. १०० एमएमला दिसणारा मागचा पट्टा ५० एमएमच्या साधारण निम्मा. तुमची लेन्स चांगली आहे, नवीन घ्यायची गरज नाही. बरोबरच्या मुलांनी मोबाइल वापरला तर त्यांना सांगा, बऱ्याच मोबाइलचा मॅक्रो मोड अल्ट्रावाइड लेन्सवर चालतो. तिला मागचं अख्खं शिवार दिसतं आणि सगळं स्पष्टही दिसतं. दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरून थोडं मागे सरकणं बरं.

आता उजेड. काडी काढता येत नसेल तर ती विझवता येते. साधी काळी छत्री घ्या आणि तिची सावली फक्त मागच्या गवतावर पडेल अशी कोणाला तरी धरायला सांगा. अळी उन्हात, गवत सावलीत. मघाशी चकाकणाऱ्या काड्या तपकिरी अंधारात जातात. सकाळी लवकर गेलात तर छत्रीचं काम बांधच करतो: बांधाच्या माथ्यावरच्या झुडपाला कोवळं ऊन लागलेलं असतं आणि पलीकडचा उतार अजून सावलीत असतो. अशा वेळी मागे गवत कितीही असो, ते दिसत नाही. ऊन चढलं असेल तर उलटं करा, छत्रीची सावली विषय आणि गवत दोघांवर घ्या. उजेडातला फरक मिटला की काड्यांचा टोचणारा पांढरेपणा जातो. मे महिन्यात दहानंतर याशिवाय इलाज नाही, आणि खरं तर तेव्हा तुम्हीही घरी असलेलं बरं.

फ्लॅशही हेच काम करतो. डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं आवरण) लावलेला फ्लॅश अळीपासून २० सेंमीवर असेल आणि गवत फ्लॅशपासून ६० सेंमीवर, तर गवतावर अळीच्या नवव्या हिश्श्याएवढाच प्रकाश पोहोचतो. मात्र पार्श्वभूमी अगदी काळी झाली की भर दुपारचा कीटक मध्यरात्रीचा वाटतो. मला ते आवडत नाही. म्हणून आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) थोडा वाढवून मागे निसर्गाचा रंग उरेल एवढा आसपासचा उजेड ठेवा.

एवढं सगळं करूनही एखादी काडी नडतेच. आता हाताची पाळी. आणि इथे माझं तुमच्या पहिल्या मित्राशी पटत नाही.

वाळकी काडी म्हणजे मेलेली, निरुपयोगी काडी असं आपण धरून चालतो. संध्याकाळी उशिरा किंवा उजाडता माळावर जाऊन अशीच एक काडी जवळून बघा. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या असतात, त्यांचे नर रात्री झोपायला वाळक्या देठांवर येतात. जबड्यानं देठ घट्ट चावून धरतात, पाय आखडून घेतात आणि रात्रभर तसेच राहतात. एका देठावर ओळीनं अनेक नर असतात आणि अंगावर दव साचलेलं असतं. ते रोज रात्री त्याच देठावर येऊ शकतात. तो देठ तोडला की फ्रेम मोकळी झाली, पण त्यांची जागा गेली. दुसऱ्या देठावर प्रार्थना कीटकाची अंड्यांची फेसासारखी वाळलेली पुडी असते, तिसऱ्यावर कोळ्याची अंडकोशिका. सिग्नेचर स्पायडरचं जाळं पाहिलंच असेल, मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघा. ते जाळं आजूबाजूच्या गवताला ताणदोऱ्यांनी बांधलेलं असतं. ‘मध्ये येणारी’ एक काडी काढली की एक दोरा सुटतो आणि अख्खं जाळं ढिलं पडतं. कोळ्याचा चांगला फोटो मिळण्याची शक्यताही तिथेच संपते.

म्हणून क्रम असा ठेवा. काडीवर वरून खालपर्यंत, पानांच्या मागेही नजर फिरवा. काही नसेल तर ती वाकवा, तोडू नका. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि लोकरीचे तुकडे माझ्या पिशवीत कायम असतात. लोकर मऊ असते, देठाला काचत नाही. काडी बाजूला झुकवून शेजारच्या गवताला सैल बांधायची, फोटो झाला की सोडायची. ती पुन्हा सरळ उभी राहते आणि आपण तिथे येऊन गेल्याचं कोणाला कळत नाही. जमिनीवर सुटं पडलेलं पान, काटकी, खडा उचलून बाजूला ठेवायला हरकत नाही. जिवंत रोप उपटायचं नाही, फांदी तोडायची नाही. रुईचं पान तर मुळीच तोडू नका. ते अळीचं अन्न आहे, आणि त्याचा चीक बोटाला लागून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

घरट्याच्या बाबतीत काडी वाकवायचीसुद्धा नाही. समोरची पानं बाजूला केली की आपल्याला पिल्लं दिसतात तशी कावळ्यालाही दिसतात, आणि आपल्या उन्हात आडोसा गेलेली पिल्लं फार वेळ तग धरत नाहीत. घरट्याचे क्लोज-अप काढूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला गेलात तर आणखी जपा. माळढोकसाठी १९७९ मध्ये घोषित झालेलं ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथल्या झाडागवताला धक्का लावता येत नाही. माळढोक तर जमिनीवरच अंडं घालतो, टिटवी आणि धाविकही तसेच. तिथे चांगल्या कोनासाठी वाट सोडून चार पावलं आत जाणंसुद्धा टाळावं.

गुटख्याची पुडी, प्लॅस्टिकची पिशवी, दारूच्या बाटलीची काच यांना मात्र हा नियम नाही. ते उचला, आणि फ्रेमबाहेर टाकून मोकळे होऊ नका, सोबत घेऊन या. बाभळीच्या काट्यात अडकलेल्या पिशव्या हिपरग्याच्या काठी ढिगानं दिसतात. मी मुलांना घेऊन जातो तेव्हा कॅमेरा काढण्याआधी प्रत्येकानं एक पिशवी भरायची असा शिरस्ता आहे. त्यात मुलांची नजर जमिनीच्या पातळीला उतरते आणि विषयही तिथेच सापडतात.

काही वेळा पार्श्वभूमी दूर नेताच येत नाही. मृगाचा किडा घ्या. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात लाल मखमली अंगाचे हे इवले जीव चालताना दिसतात. त्यांच्या मागे, पुढे, खाली सगळीकडे ढेकळं आणि ज्वारीची धसकटं. इथे कितीही खाली झोपलात तरी मातीच येणार. मग ती येऊ द्या, फक्त एकसारखी येऊ द्या. किडा कुठल्या दिशेला चाललाय ते बघा, त्याच्या वाटेवर पुढे ओली, सपाट, धसकट नसलेली जागा शोधा आणि तिथे लेन्स लावून थांबा. त्याला उचलून तिथे ठेवू नका, तो पाय आखडून घेतो आणि फोटोत ते कळतं. वरून काटकोनात टिपलात तर मातीचा पोत सगळीकडे सारखा स्पष्ट येतो. काळ्या मातीवर तो लाल रंग असा उठतो की दोन-चार बारीक खडे कुणाला खटकत नाहीत.

यातून लक्षात येईल की सगळंच साफ करायचं नसतं. कुसळीच्या एका वळलेल्या तुऱ्यावर बसलेला नाकतोडा आणि गुळगुळीत हिरव्या रंगावर तरंगणारा नाकतोडा यांत मला पहिला जवळचा वाटतो. तो माळावरचा आहे हे त्या तुऱ्यावरून कळतं. प्रत्येक काडीबद्दल विचारा, ही विषयाची जागा सांगते की फक्त जागा अडवते? रंगीत कागद किंवा कापड मागे धरून काढलेले फोटो मी म्हणूनच काढत नाही. वनस्पतीच्या ओळखीसाठी तसं करणं वेगळं.

राहिला कॉम्प्युटर. तो मला वर्ज्य नाही. पण निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धांचा विचार असेल तर नियम माहीत असू द्या. फियाप (छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या व्याख्येनुसार निसर्ग विभागातल्या फोटोतून मूळ दृश्यातली कोणतीही गोष्ट पुसता येत नाही. क्रॉप करून बाहेर काढली तर चालते, सेन्सरवरच्या धुळीचे डाग आणि नॉइज काढलेले चालतात. घरच्या भिंतीवर लावायला काडी पुसलीत तर तुमची मर्जी. पण अळीच्या तंतूंवरून गेलेली काडी पुसताना तंतू हमखास तुटतो, आणि सॉफ्टवेअर तिथे जे भरतं ते तुमच्या अळीचं नसतं.

तुमच्या आत्ताच्या फोटोला उजवीकडून क्रॉप द्या, पुडी आपोआप जाते. मागच्या तीन-चार उजळ काड्यांवर मऊ ब्रश फिरवून हायलाइट्स आणि स्पष्टता थोडी उतरवा, पानाच्या रंगापर्यंतच, त्याखाली नको. तंतूंच्या आसपास काही करू नका. आणि पुन्हा जा. ही अळी सुमारे दोन आठवड्यांत कोशात जाते, पण त्याच झुडपावर वेगवेगळ्या वयाच्या अळ्या आणि पानांवर एकेकटी घातलेली फिकट अंडी सापडतील. सकाळी ऊन कोवळं असतानाच पोहोचा, एफ ८, अळीच्या पातळीला, मागे रुईचंच पान. तो फोटो आला की दाखवा, त्यावर पुढचं बोलू.